कपाटाच्या दारावरची यादी

१

आमच्या घरात प्रवासाची तयारी खोडरबरापासून सुरू व्हायची.

शयनघरातल्या स्टीलच्या कपाटाला बाहेरून आरसा आहे आणि त्याच दाराच्या आतल्या बाजूला एक यादी चिकटवलेली आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर माझ्या बायकोनं, शिप्रानं, ती शाईनं लिहिली, तेव्हा आमची मुलगी टुसी दुसरीत होती. दर हिवाळ्यात तीन-चार दिवस पुरीला जायचं, हे आमचं ठरलेलं. कोन्नगरसारख्या गावातल्या बंगाली कारकुनी घरांना दुसरं कुठं जाणं सुचतही नाही. निघायच्या आधीच्या आठवड्यात शिप्रा कपाट उघडायची, मागच्या वेळच्या पेन्सिलीच्या खुणा एकेक करून खोडायची, चुऱ्यावर फुंकर मारायची आणि म्हणायची, "हं, आता निघालो."

तिचा एक नियम होता. वस्तू बाहेर काढून ठेवली म्हणून खूण करायची नाही. ती होल्डॉलमध्ये गेली, की मगच खूण. आणि खूण तीच करणार, दुसरं कुणी नाही. लोकांनी होल्डॉल वापरणं कधीच सोडलं होतं, पण तिचा तो हिरवा कॅनव्हासचा, दोन चामडी पट्ट्यांचा होल्डॉल तिनं सोडला नाही. सगळं भरून झालं की ती म्हणायची, "बसा." मी त्या गुंडाळीवर बसायचो, ती एक गुडघा टेकून पट्टा ओढायची, आणि पितळी बकल तिसऱ्या भोकात खट्कन बसायचं.

ती डावखुरी होती. तिच्या खुणेची लांब रेघ डावीकडे जायची, बाकीच्या जगाच्या उलट.

यादीत एकोणीस गोष्टी आहेत. तिकिटांपासून सुरुवात, आणि शेवटी, एकोणिसावी गोष्ट म्हणजे मी. एकदा खरगपूरला बटाट्याची भाजी घ्यायला मी फलाटावर उतरलो आणि गाडी सुटली. त्या दोघी पुरीला पोचल्या, मी दुसऱ्या दिवशी. त्यानंतर तिनं यादीच्या तळाशी लिहिलं : 'टुसीचे बाबा'. नवऱ्याचं नाव ती घ्यायची नाही, लिहायचीही नाही. गाडीत शेजारी बसलो, की पर्समधून कागदाचा कपटा काढून मला दाखवायची आणि त्यावर खूण करायची. घरी परतल्यावर ती दारावरच्या यादीत उतरवायची.

टुसी चिडायची, "मी का नाही यादीत?"

"विसरायला होतं ते यादीत लिहितात," शिप्रा म्हणायची. "तुला कोण विसरतंय?"

गेल्या हिवाळ्यात मला रजा मिळाली नाही, म्हणून फाल्गुनात निघायचं ठरलं. निघायच्या आदल्या दुपारी ती स्वयंपाकघर आणि शयनघर यांच्या मधल्या दारात पडली. डोक्यातली शीर फुटली होती, असं डॉक्टर म्हणाले. त्या वेळी तिच्या हातात मोहरीच्या तेलाची बाटली होती. बाटली फुटली नाही. ती उभी, झाकण लावलेली, तिच्या शेजारी जमिनीवर होती. आधी बाटली नीट ठेवून मग ती पडली असावी.

तेल यादीत बारावं आहे. खुणा अकरा झाल्या होत्या.

पुढच्या दिवसांत टुसीनं होल्डॉल उपसून सगळं जिथल्या तिथं ठेवलं आणि तो रिकामा गुंडाळून माळ्यावर टाकला. यादीला कुणी हात लावला नाही.

२

"डिसेंबरात जाऊ या," टुसी म्हणाली. ती बर्धमानला एका शाळेत शिकवते, शनिवारी दुपारी येते आणि सोमवारी पहाटेच्या लोकलनं परत जाते. "तीनच दिवस. वैशाखात माझं लग्न झालं की मग आपण दोघंच असं कुठं जाणार? आणि तुम्ही घरात नुसते बसून असता, बाबा. पद्माची आई सांगत होती, दोन दोन दिवस एकाच भातावर काढता."

"पद्माच्या आईला बोलायला विषय लागतो," मी म्हटलं. ती आमच्याकडे घरकामाला येते.

"मग तिला दुसरा विषय द्या."

समोरचे हारानबाबू तेवढ्यात पेपर परत द्यायला आले. रेल्वेत तिकीट तपासनीस होते, त्यामुळे कुणाच्याही प्रवासाचा मालक आपणच, अशी त्यांची समजूत आहे. पुरीचं नाव ऐकताच खुर्ची ओढून बसले.

"खालचे बर्थ मागा. हॉलिडे होम कुठलं, स्वर्गद्वाराच्या मागचं तेच ना? तिथला स्टोव्ह भडकतो, पिन बरोबर ठेवा. आणि प्रणवेशदा, माकडटोपी."

"पुरीला कसली थंडी, हारानकाका?" टुसी म्हणाली.

"तुला काय कळतंय, पोरी. आपला बंगाली माणूस समुद्राला घाबरत नाही, कानात वारं शिरण्याला घाबरतो." मग आवाज उतरवून माझ्याकडे बघत म्हणाले, "वर्ष व्हायचंय अजून. देवळात जाऊ नका. समुद्राला काही बाध नाही."

ते गेल्यावर टुसीनं कपाट उघडलं. बराच वेळ ती दारासमोर उभी होती.

"हे खोडायचं राहिलंय, बाबा."

"खोडतो."

"मी खोडू?"

"मी खोडतो म्हटलं ना."

तिनं खोडरबर कपाटाच्या वरच्या फळीवर, पेन्सिलीच्या शेजारी ठेवलं. आधीपासूनच पेन्सिल तिथं होती.

मी खोडलं नाही. यंदा निवृत्त होईपर्यंत मी एकतीस वर्षं सरकारी ग्रंथालयात पुस्तकांच्या सूचीची कार्डं लिहिली. माणूस गेल्यावर मागं अक्षर राहतं, एवढं मला ठाऊक आहे. शिप्रानं शेवटचं काय लिहिलं असेल, तर त्या अकरा खुणा. त्या खोडून त्यांवर फुंकर मारायची, हे मला जमणारं नव्हतं. अकराच्या पुढून भरायला लागू, पहिल्या अकरा मला तोंडपाठ आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. नव्या प्रवासासाठी जुन्या खुणा खोडल्या नाहीत, असं आमच्या घरात तोवर कधी घडलं नव्हतं.

३

मंगळवारी सकाळी पद्माची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"दादाबाबू, तेल प्यालात का?"

"काय?"

"मोहरीचं तेल. काल मी सीलबंद बाटली आणली. तुमच्यासमोर फळीवर ठेवली. आता बघा, फळी रिकामी. मी घेऊन गेले असं म्हणू नका. माझ्या घरात सोयाबीनचं चालतं."

"कोण म्हणतंय तुम्ही नेली?"

"तोंडानं नाही म्हणत हो."

आम्ही दोघांनी शोधलं. बाटली सापडली नाही. ती बडबडत भात टाकून गेली. मी टोपी बाहेर काढून ठेवावी म्हणून कपाट उघडलं आणि दारावर नजर गेली.

बाराव्या ओळीपुढं खूण होती. लांब रेघ डावीकडे.

मी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. बारा. मग खुर्ची आणून बसलो आणि शांतपणे विचार केला. दहा महिने मी ती यादी नीट पाहिलीच नव्हती. दार उघडताना नजर चुकवायचो. अकरा हा आकडा मी त्या दिवशी, त्या अवस्थेत मोजलेला. बारा असतील. बाटली हातात घेताना, आता टाकतेच आहे म्हणून तिनं आधी खूण करून टाकली असेल. एकदा नियम मोडला असेल.

तिनं तो कधीच मोडला नव्हता, हेही मला माहीत होतं. पण इतर सगळ्या शक्यतांपेक्षा हीच बरी होती.

पेन्सिल फळीच्या उजव्या टोकाला होती असं मला वाटत होतं. ती डाव्या टोकाला होती.

४

गुरुवारी तेरावी खूण झाली, शुक्रवारी चौदावी. तेरावा मुरमुऱ्यांचा डबा. चौदावी कपडे वाळत घालायची दोरी. दोन्ही वस्तू जागेवर नव्हत्या.

मग मी तपासणी केली, कामावर असताना करायचो तशी. एका कागदावर उजव्या हातानं दहा खुणा केल्या, डाव्या हातानं दहा. उजव्या हाताच्या माझ्या नेहमीसारख्या आल्या. डाव्या हाताच्या लहान मुलानं केल्यासारख्या, थरथरत्या. दारावरच्या खुणा एका झटक्यात केलेल्या, सवयीच्या हाताच्या होत्या. म्हणजे झोपेत उठून मी करत नाही. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं.

त्या दुपारी मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. रस्त्यावर रजया पिंजणारा आपली तार वाजवत गेला. तो लांब गेल्यावर घरात जी शांतता झाली, तिच्यात शयनघरातून आवाज आला. चामडं कॅनव्हासवरून सरकल्याचा. मग थोडा वेळ काही नाही. मग धाप टाकल्यासारखा एक श्वास.

मी उठलो नाही. पेपरातल्या त्याच ओळीवर बोट ठेवून बसलो. उठलो असतो तर एक तर काहीच दिसलं नसतं, किंवा दिसलं असतं. दोन्हीची माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी टुसीला तिच्या वसतिगृहावर फोन केला.

"मागच्या रविवारी तू काही भरून ठेवलंस का?"

"नाही. का हो?"

"यादीवर खुणा केल्यास?"

ती फार सांभाळून म्हणाली, "बाबा, यादी खोडणार होता ना तुम्ही?"

"हो. राहिलं."

"रात्री झोप लागते का तुम्हाला?"

"लागते."

"खोटं बोलताना तुम्ही एकाच शब्दात उत्तर देता. मा नेहमी सांगायची." ती हसली, पण हसणं पुढं गेलं नाही. "समुद्रावर गेलात ना, की सगळं नीट होईल. मला जरा मासे-भात खाऊन झोपलेले बाबा बघायचेत, बस्स."

या वाक्यामुळे मी तिला बाकीचं सांगितलं नाही.

५

निघायच्या आठवड्यात खुणा भराभर झाल्या. औषधांचा डबा, टॉर्च, दोन कुलपं. रोज सकाळी मी दार उघडायचो, बघायचो, बंद करायचो. कपाटाची किल्ली मी जानव्याला बांधली. त्यानं काही फरक पडला नाही.

आणि मी खरं लिहितोय म्हणून हेही लिहितो : मला फक्त भीती वाटत होती असं नाही. दहा महिन्यांनी घरात कुणीतरी काहीतरी करत होतं. सकाळी उठण्यासाठी कारण होतं.

गुरुवारी अठराव्या ओळीपुढं खूण दिसली, तेव्हा मात्र मी पलंगावर बसलो.

अठरावी सिंदूराची डबी. ती डबी घरात नव्हती. आमच्यात सवाष्ण गेली की तिचा भांग भरून पाठवतात. शिप्राचा भांग टुसीनं भरला आणि ती चांदीची डबी मी माझ्या हातानं तिच्या मुठीत ठेवली. डाव्या मुठीत. घाटावर लाकडं रचली तेव्हा ती मूठ तशीच होती.

वस्तू होल्डॉलमध्ये गेल्याशिवाय खूण होत नाही.

मी वाकून पलंगाखाली पाहिलं. होल्डॉल माळ्यावर नव्हता, तिथं होता. फुगलेला, कडेवर पडलेला. एका पट्ट्याचं बकल तिसऱ्या भोकात बसलं होतं. दुसरा पट्टा अजून सुटा होता. कॅनव्हासवर बकलाच्या बाजूला बोटांच्या लाल खुणा होत्या, सिंदूर लागलेल्या हातानं धरल्यासारख्या. मी त्या मोजल्या. चार बोटं आणि एक अंगठा.

तिथं हात लावायचा नाही, एवढं मी ठरवलं आणि ते पाळलं. यादीत आता एकच ओळ उरली होती. ती माझी होती.

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्या दुपारी मला दोन तास गाढ झोप लागली.

६

शनिवारी रात्रीची गाडी होती. टुसी शुक्रवारीच रजा काढून आली. येताना तिनं माझ्यासाठी नवी माकडटोपी आणली, विटकरी रंगाची, आणि ती माझ्या डोक्यावर चढवून हसून हसून दमली. "आता खरगपूरला उतरलात तरी हरवणार नाही. लांबूनच दिसाल." पलंगाखालचा होल्डॉल पाहून म्हणाली, "अरे वा, भरलंतही? मग फोनवर मला कशाला विचारत होता?" मी म्हटलं, उद्या सांगतो.

शनिवारी सकाळी ती अंघोळीला गेली. नळाचा आवाज आणि तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी किल्ली काढून कपाट उघडलं.

माझ्या ओळीपुढं खूण नव्हती. पण त्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. विसावा आकडा. पेन्सिलीनं, डावीकडे कललेल्या त्या अक्षरात, जे मी कोट्यवधी कार्डांतूनही ओळखेन : 'टुसी'.

विसरायला होतं ते यादीत लिहितात.

मी दार लोटलं. आरशाचं ते दार बंद होताना सगळी खोली त्याच्यातून सरकत जाते. खिडकी, भिंतीवरचं घड्याळ, पलंग. पलंगाजवळ, जमिनीवर, माझ्याकडे पाठ करून ती होती. एक गुडघा होल्डॉलवर टेकलेला. डाव्या हातात सुटा पट्टा. केसांच्या भांगात लाल, फार लाल. ती ओढत नव्हती. पट्टा हातात धरून थांबली होती, कुणीतरी येऊन बसेपर्यंत थांबायची तशी. मग तिनं मान जराशी न्हाणीघराकडे वळवली. टुसीचं गुणगुणणं ऐकण्यापुरती.

दार लागलं. मी वळून पाहिलं तर होल्डॉल पलंगाखालून बाहेर आलेला होता.

७

"मला जायचं नाही," मी टुसीला सांगितलं. ती टॉवेलनं केस पुसत होती.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरा आहे. तुझ्याबरोबर जायचं नाही. तू बर्धमानला परत जा."

"बाबा, तिकिटं काढलीत. रजा काढली मी. काय बोलताय?"

"हा तुझ्या आईचा न् माझा प्रवास आहे. त्यात तू कशाला? आता वैशाखात तुझं घर होईल, तिथं काय करायचं ते कर. इथं येऊन माझा भात मोजायला तुला कुणी बोलावलंय?"

हे वाक्य मी अर्धा तास मनात जुळवलं होतं. तिला कुठं लागतं ते मला माहीत आहे, बाप असल्यामुळे.

तिनं टॉवेल नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, आपली पिशवी उचलली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "मीही तिचीच होते ना, बाबा. एकटे तुम्हीच नव्हता."

"बाराची लोकल मिळेल," मी म्हटलं.

समोरच्या गॅलरीतून हारानबाबूंनी तिला जाताना पाहिलं. "काय हो, पाहुणी उलट्या दिशेनं निघाली?" ते ओरडले. मी खिडकी लावली.

मग खोडरबर घेतलं. एकदा मनात आलं, की वरपासून सुरुवात करावी. सगळ्या खुणा खोडाव्यात, चुऱ्यावर फुंकर मारावी, म्हणजे तो प्रवास संपेल. तसं व्हायला हवं, आमच्या घरचा नियमच तसा आहे. मी खोडरबर पहिल्या खुणेवर टेकवलंही. तिथं पेन्सिल जरा जोरात दाबलेली आहे. तिकिटं मिळाल्याच्या आनंदात तिनं ती केली होती. मला आठवतं, ती म्हणाली होती, खालचे बर्थ मिळाले.

मी हात खाली नेला आणि फक्त विसावी ओळ खोडली. पुष्कळ वेळ घासलं. कागद पातळ झाला, मागचं स्टील दिसायला लागलं. आता तिथं काही लिहिता येणार नाही, शाईनंही नाही. नंतर दीड तास मी दार उघडं ठेवून समोर बसून राहिलो. कुणी काही लिहिलं नाही. मागं, जमिनीवर, पट्ट्याचं चामडं मधून मधून करकरत होतं. तिला घाई नव्हती.

आता चार वाजून गेलेत. टुसी बर्धमानला पोचली असेल. हे कागद मी कपाटात, तिच्या लग्नासाठी घेतलेल्या बनारसीखाली ठेवतोय. लग्नाच्या वेळी ती साडी काढेलच. टुसी, मी तुला जे बोललो ते का बोललो, हे तुला त्या वेळी कळलं तरी पुरे. कपाट उघडलंस की यादी बघू नकोस. तिला हात न लावता, वर नवा कागद चिकटवून टाक.

यादीत माझ्या नावापुढं अजून खूण नाही. पेन्सिलीला मी टोक काढलंय. पण खूण मी करणार नाही. वस्तू आत गेल्याशिवाय खूण करायची नसते, आणि ती करणं माझं काम नाही. पेन्सिल फळीच्या डाव्या टोकाला ठेवली आहे, तिच्या हाताशी येईल अशी.

टोपी घातली आहे. आता फक्त बसायचं आहे.